एका इंचाचा सुवर्णमध्य

"त्यांना सांग, पंप इतक्या लांबूनच बघायचा असेल तर घरून बघा म्हणावं," एर्विन केस्टनर म्हणाला.

"आणि त्याला सांग, चष्मा विसरला असेल तर माझा घे म्हणावं," टेस्ट शेडच्या दुसऱ्या टोकावरून काझिमिर झिलिन्स्कीचा आवाज आला.

मधे उभ्या असलेल्या नोरीनने कुणालाच काही सांगितलं नाही. मिलवॉकीच्या त्या कारखान्यात पंपांचे आराखडे करणाऱ्या या दोन म्हाताऱ्या इंजिनियरांमध्ये विस्तव जात नव्हता. दोघांचं ज्ञान कॉम्प्युटरमध्ये उतरवायला तिला नेमलं होतं. तेही तिला दोन वेगळ्या खोल्यांत बसून उतरवावं लागलं. कॉम्प्युटरने आखलेला पहिला पंप आज चालणार होता. तो नीट चालला की तिचं काम फत्ते, आणि सोमवारपासून हे दोघे घरी. कॅन्टीनमध्ये निरोपाचे केकसुद्धा दोन आणले होते. एकावर दोघांची नावं घालायची कुणाची छाती झाली नव्हती.

एकच नियम अडला होता. पंपाखालची पोलादी प्लेट किती जाड? काझिमिर म्हणे दीड इंच. एर्विन म्हणे अर्धा. का, विचारलं तर दोघांचं उत्तर एकच, "माझा पंप कधी परत आलाय का?" नव्हता आला, दोघांचाही. शेवटी वैतागून नोरीनने सुवर्णमध्य काढला. एक इंच. कॉम्प्युटर नियमापुढे कारण मागत होता. तिने लिहून टाकलं, 'दोन्ही तज्ज्ञांचा मान राखण्यासाठी.'

"चालू करा," मॅनेजर प्रुइट म्हणाला.

पंप घुमू लागला. काटा अर्ध्या वेगावर आला तरी सगळं शांत होतं. मग काटा आणखी चढला, आणि प्रुइटच्या हातातल्या कॉफीवर बारीक तरंग उठले.

"एर्विनचे पंप असंच करतात," प्रुइट म्हणाला. "वाटेत एकदा अंग झाडतात नि मग गप्प होतात. चालू दे."

ते खरं होतं. या वेळीही तसंच व्हावं, असं नोरीनलाही वाटत होतं. काटा पूर्ण वेगावर पोचला आणि तिथे थांबला. थरथर थांबली नाही. प्लेट थडथडू लागली, मग तिच्याखालची जमीन. एक नट सुटून नोरीनच्या कानाजवळून गेला. तिला मागे सरायचं होतं, पण पाय उचलेनात.

"बंद कर!"

एकच हाक, दोन तोंडांतून, शेडच्या दोन टोकांहून. दोन्ही म्हातारे धावत सुटले. एर्विन तर लंगडत. नोरीनशेजारच्या लाल बटणावर काझिमिरचा पंजा आदळला आणि त्यावर एर्विनचा.

पंप कण्हत कण्हत थांबला. दोघांना धाप लागली होती.

"पातळ प्लेटवर माझा पंप त्या थरथरीतून निसटून पुढे जातो," एर्विन शेवटी म्हणाला. तो नोरीनशी बोलत नव्हता.

"जाड प्लेटवर माझा तिथवर पोचतच नाही," काझिमिर म्हणाला.

"आणि या पोरीने एक इंच घेऊन नेमका तिथेच मुक्काम टाकला."

नोरीन रडायच्या बेतात होती. 'कारण' या शब्दापुढे आपण काय लिहिलंय, ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, पण मग नियम काय?" प्रुइट ओरडला. "जाड की पातळ? एक काहीतरी सांगा, ती लिहून घेईल, विषय संपला!"

त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. नोरीनने वही उघडली.

"कारणासकट सांगा," ती म्हणाली. "दोघांनीही."

एर्विनने तोंड उघडलं.

"थांब," काझिमिर म्हणाला. बटणावरचा त्याचा हात अजून एर्विनच्या हाताखालीच होता. "तू माझं सांग. मी तुझं सांगतो."