टोकाच्या खोलीतला तास

आज सांगून टाकायचंच, असं ठरवून ती तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. पण टोकाच्या खोलीत सरांनी तिच्यासाठी पुसून ठेवलेला बाक दिसला आणि तिचा धीर सुटला.

"ये," सर म्हणाले. "आला म्हणायचा सगळा वर्ग."

हा विनोद ते रोज करायचे आणि ती रोज हसायची. एलएलएमला कायद्याचं तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय घेणारी ती एकटीच होती. बाकी सगळी मुलं खालच्या हॉलमध्ये, व्यापारी कायद्याला. त्यांना नोकऱ्या लागणार होत्या.

सांगायचं होतं ते एवढंच, की आता तीही त्यांच्यातच होती.

वडिलांनी फोनवर तिचं डोकं उठवलं होतं. "तत्त्वज्ञान काय चुलीत घालायचंय? बाजारात भाव असेल ते घे!" वडिलांपुढे तिचं कधी काही चाललं नव्हतं. सत्राच्या सुरुवातीलाच तिने विषय बदलायचा अर्ज दिला. ऑफिसातल्या हेडक्लार्कबाईंनी मान वर न करता शिक्का मारला. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या.

पण सरांना सांगायची वेळ आली, की ती मूग गिळून बसायची. तिला पहिला दिवस आठवायचा. याच खोलीत ती कितीतरी वेळ वही उघडून बसली होती. बाहेरून मुलींचे घोळके हसत खिदळत जात होते आणि परक्या गावात तिला रडू आवरत नव्हतं. मग सर आले. हातात रिकामी पिशवी आणि सुतळीचा गुंडा. दारातच थबकले.

"कायद्याचं तत्त्वज्ञान इथेच ना?" तिने डोळे पुसत विचारलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, पिशवीची घडी करून खिशात घातली. "इथेच," म्हणाले, आणि खडू शोधायला लागले. वेंधळे आहेत बिचारे, असं तिला वाटलं होतं.

म्हातारा माणूस, तासांवर नेमलेला असणार, आणि विद्यार्थिनी म्हणाल तर एकुलती एक. ती गेली की वर्ग बंद, आणि सर घरी. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. म्हणून सकाळी खालच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर, आणि दुपारी इथे, अशी तिची दोन्ही डगरींवर कसरत चालली होती.

पोटापाण्याचं तर होतंच, पण सर अगदी एकटे आहेत, हे तिने केव्हाच ताडलं होतं. एकट्या माणसाला दुसरं एकटं माणूस लगेच कळतं. ते घरून थर्मास भरून चहा आणत आणि अर्धा तिला देत. "एवढा कोण पिणार?" म्हणत. बोलायला कुणी नसल्यासारखं काहीबाही विचारत. डबा कुणाबरोबर खाल्लास? खोलीतली मुलगी बोलते का? हजेरी त्यांनी कधी घेतलीच नाही. "एकटीची कसली हजेरी!" तास संपला की घड्याळाकडे बघत, पण उठत मात्र नसत. घर खायला उठत असेल, ती मनात म्हणायची.

शिकवायचे मात्र असे, की ऐकत राहावं. "माणूस वर्षानुवर्षं बेपत्ता असला की कायदा त्याला मेलेला धरतो," एकदा म्हणाले. "आणि नंतर तोच येऊन दार वाजवायला लागला तर?"

"तर कायदा चुकला, सर."

"कायदा नाही चुकला. तो फक्त धरून चालला होता. आपणही चालतोच की."

तेव्हा ती खूप दिवसांनी खळखळून हसली होती.

आज मात्र हसू येईना. परीक्षा तोंडावर आली होती. सरांच्या पेपरला कुणी बसणारच नाही, हे आता झाकून राहणार नव्हतं.

"तोंड का उतरलंय?" सरांनी चहा ओतत विचारलं. "हॉस्टेलवर कुणी काही बोललं?"

"कुणी बोलतच नाही, सर." तिने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला.

सर हसले नाहीत. "संध्याकाळी काय करतेस?"

"वाचते."

"रोज?"

"रोज."

सरांनी पुस्तक मिटत आणलं होतं, ते पुन्हा उघडलं. "बरं. मग अजून एक प्रकरण घेऊ या."

बिचाऱ्यांना हा तास संपवायचाच नाहीये. यांना तोंडावर कसं सांगायचं?

तास झाल्यावर ती तडक ऑफिसात गेली.

"मॅडम, एक विनंती होती. मी विषय बदललाय हे सरांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. पण त्यांचा वर्ग बंद करू नका हो. हवं तर माझं नाव तिकडेही राहू द्या. मी येत जाईन. त्यांना दुसरं कुणी नाही."

हेडक्लार्कबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "कुणाला कुणी नाही?"

"सरांना."

"अगं, गोकुळ आहे त्यांचं घर. बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं. ते निवृत्त काय आज झालेत? तो विषयही त्यांच्याबरोबरच बंद झाला. तू जुनं माहितीपत्रक बघून फॉर्म भरलास. त्या दिवशी ते कपाटातली आपली पुस्तकं न्यायला आले होते, आणि तू रडत बसलेली." बाईंचा आवाज खाली आला. "तेव्हापासून दोन बस बदलून येतात, गुडघे धरत तीन मजले चढतात. पगार नाही की काही नाही. आणि खोलीची किल्ली द्यायला आले, की रोज मला एकच विचारतात."

बाईंनी समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"आता येतीलच खाली. काय सांगू त्यांना? मिळालं का तुला कुणी सोबतीला?"