छत्रीची उजवी बाजू

शुक्रवारी कापडाच्या कारखान्यातले लूम बंद असले आणि पाऊस लागला, की केसरीनाथ छत्री घेऊन खाडीच्या बांधावर लांब फिरायला जाई. परते तेव्हा चेहरा प्रसन्न, उजवा खांदा कोरडा, डावा मात्र चिंब.

त्याची बायको पार्वती हे पाहून जळे. छत्री दुसऱ्यावर धरली, की माणूस असाच भिजतो.

"कोन असते बरोबर?"

"कोनी न्हाय. एकलाच जातो. त्या बांधावर दोन मानसं बाजूबाजूला चालतील तरी का गो?"

ते खरं होतं. बांध अरुंद, दोन्ही अंगांना पाणी. पण मत्सराला तेवढं पुरत नाही. पुढच्या शुक्रवारी तो झोपेत असतानाच तिने छत्री उचलली.

बांधावर कुणी नव्हतं. पाऊस संथ होता, भरती चढत होती. लग्नानंतर इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं. गाव दिसेनासं झालं तरी ती चालतच राहिली.

परतली तेव्हा केसरीनाथ दारात उभा होता. त्याने तिचा चेहरा पाहिला, मग डावा खांदा. त्या अंगाचं लुगडं निथळत होतं. उजवं अंग कोरडं होतं.

"एकलीच होतीस?" त्याने विचारलं.

"एकलीच," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

त्याने हात पुढे केला. "आन ती छत्री. पाऊस हाय तवर मी जाऊन येतो."

"न्हाय." तिने दांडा घट्ट धरला. "आता तुमी न्हाय जायचं."

ती पडवीत आली होती, तरी छत्री तिने मिटली नाही. उजवीकडे कलती धरून ती तशीच उभी राहिली.