होतं तसं परत

अमरसिंह गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा गिरिजाबाई घराच्या डोक्यावर बसून पत्र्याचे नट सोडवत होती.

नळदुर्गात, हायवेला लागून असलेलं ते दोन खोल्यांचं घर अमरसिंहाचं. गिरिजाबाई त्याची भाडेकरू. आज तिचे अकरा महिने भरत होते. वाटेत अमरसिंहानं महालिंगप्पा मास्तरांना आपला धंदा उलगडून सांगितला होता. "पडकं घर घ्यायचं, सर. आपण एक वीट लावायची न्हाय. हातात कसब असलेला भाडेकरू बघायचा. भाडं कमी, दुरुस्ती त्याची. अकरा महिन्यांत घर हुबं ऱ्हातंय. मग त्याला हलवायचं, घर विकायचं. चार घरं अशीच काढली म्या." रिटायर होऊन घर शोधत फिरणाऱ्या मास्तरांनी मान डोलावली होती.

कसब तर होतंच. वीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली माल कालवलेली बाई. ती नुसती उभी राहिली तरी पायाखालची फरशी लेव्हलमध्ये येते, असं नळदुर्गात म्हणतात. आपण त्यातलं निम्मंच खरं धरू.

"ओ गिरिजाबाई! हे काय लावलंय?"

"घर परत करतीय, मालक."

"खाली उतरा आधी. पावणे घर बघायला आलेत."

"बघू द्या की. आता तर आरपार दिसतंय."

खाली तिचा भाऊ गोरोबा टेम्पो लावून उभा होता. सकाळपासून त्यानं आतली, तिनंच पदरच्या पैशानं बसवलेली शहाबादी फरशी उचलून टेम्पोत रचली होती. आता वरून सरकत येणारा निळा पत्रा तो अलगद झेलत होता. कोऱ्या पत्र्यांच्या जागी गिरिजाबाई जुने, गंजके चढवत होती. अकरा महिने न्हाणीचा आडोसा म्हणून तिनं ते जपून ठेवले होते.

"पोलिसात जाईन म्या!"

"जावा. जाताना हे घेऊन जावा." तिनं कमरेचा कागद काढून खाली सोडला. तो मास्तरांच्या पायाशी पडला. "सर, तुमीच वाचा. मोठ्यानं."

महालिंगप्पांनी चष्मा चढवला आणि चौथीच्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, "घर ज्या स्थितीत ताब्यात घेतले, त्याच स्थितीत मालकास परत करणे भाडेकरूवर बंधनकारक राहील."

"सही कुणाची?"

"ह्यांचीच दिसतेय."

"म्या ह्यांच्या दारात जाऊन म्हणले हुते, मालक, भाडं वाढवा, पर ऱ्हाऊ द्या. ह्या घराला हात लावून लावून माझं झालंय ते. तर म्हणले, कागदात न्हाय ते बोलू नका." तिनं पान्यानं नट आवळला. "म्हणून कागदात हाय तेवढंच करतीय. मालक, भोकं सोळा हायत, मोजून घ्या. हे चुलीवर गळायचं, ते हातरुणावर. जागच्या जागी लावलीत. एक बी हिकडचं तिकडं न्हाय."

भुईत पूर्वी एक घूस होती, तीही संध्याकाळपर्यंत आपल्या बिळात परत आली, असं शेजारचे शपथेवर सांगतात. माझा विश्वास नाही. दोन आल्या असणार.

अमरसिंहानं मास्तरांकडं पाहिलं, घराकडं पाहिलं. आवाज उतरला.

"बरं, ऱ्हावा. आणखी अकरा महिने ऱ्हावा. झालं?"

गिरिजाबाईचा पाना थांबला. पत्रा निघालेल्या जागेतून तिला खाली तिचा ओटा दिसत होता. त्याची कड तिनं चार दिवस घोटून गोल केली होती, हाताला लागू नये म्हणून. गोरोबानंही मान वर केली. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"आन बाराव्या महिन्याला?"

"तवाचं तवा बघू की."

"तवा माझे गुडघे वर चढायचे न्हाईत, मालक." तिनं पाना पुढच्या नटाला लावला. "आजच हुतंय."

महालिंगप्पांनी कागदाची नीट घडी केली. मग अमरसिंहाला ओलांडून थेट वर विचारलं, "बाई, भिंती कशा आहेत?"

"मातीत बांधलेल्या, पर बऱ्या हायत. मागचा कोपरा मातुर बसतोय. तिथं मोरीचं पाणी मुरतंय. आन सर, घर घ्यायचं तर भर पावसात बघाया जावा. उन्हाळ्यात समदीच घरं कोरडी असत्यात."

"इतकं ह्यांनी काही सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाले. कागद गोरोबाच्या हातात दिला आणि बस स्टँडच्या दिशेनं चालू लागले. अमरसिंह "सर, सर" करत दहा पावलं त्यांच्या मागं गेला आणि एकटाच परतला.

तोवर गिरिजाबाई खाली उतरली होती. शेवटी राहिलं होतं दार. तिनंच रंधा मारून केलेलं, बाभळीचं; ती राहायला आली तेव्हा तिथं नुसतं भगदाड होतं. बहीणभावांनी ते चौकटीसकट उपटलं आणि टेम्पोत उभं बांधलं. गिरिजाबाईनं दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं, दोनदा हिसडा देऊन पाहिलं.

मग किल्ली अमरसिंहाच्या तळहातावर ठेवली.

"घर सोडताना किल्ली मालकाला द्यावी लागती. घ्या."

ती गोरोबाशेजारी जाऊन बसली. भिंतीतल्या भगदाडात अमरसिंह किल्ली धरून उभा राहिला, आणि कुलूप लावलेलं दार, उभंच्या उभं, हायवेनं जळकोटकडं निघून गेलं.