उतरा म्हणायचं राहिलं

भडगावच्या भाईदासने स्वस्तातली बॅटरीची सायकल घेतली आणि महिनाभरात तिचं रूपच पालटून टाकलं. मोटर मोठी, टायर जाड, मागे भक्कम कॅरिअर, हँडलच्या मधोमध पितळी घंटी. "डबलसीट बसवा, तरी चढ ओढते," असं तो छातीठोक सांगे, आणि ते खरंही होतं.

गिरणेच्या पुलाअलीकडे, निंबाखाली, शेतावरून घरी निघालेलं कुणी ना कुणी उभं असायचं. वेग कमी करून, मागे न बघता "बसा आबा" म्हणायची भाईदासला सवय. त्या दुपारीही तो तसंच म्हणाला. मागचं टायर दबलं, मोटर घुमली. दारात येऊन त्याने वळून पाहिलं, तर कॅरिअर रिकामं.

तेव्हापासून निंब आला की सायकल जड व्हायची.

"तुम्ही बसा म्हणालात. उतरा म्हणालात का?" त्याच्या बायकोने, शीतलने विचारलं.

"कंट्रोलरचा खेळ शे बठ्ठा," सगळा दोष मोटरच्या कंट्रोलरवर ढकलत तो हसला. त्याने कंट्रोलर बदलला, मग बॅटरी बदलली. सायकल जड ती जडच. शेवटी त्याने कॅरिअरच काढून ठेवलं. "आता बसा, कुठे बसता ते."

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात तो शेतावरून निघाला. निंब मागे पडला. मागचं टायर हलकंच राहिलं. भाईदासने खुशीत शीळ घातली.

मग पुढचं टायर हळूच दबलं.

भाईदासचे दोन्ही हात मुठींवर होते. त्यांच्या मधोमध घंटी वाजली.