वीतभर रणगाड्याचा हिरवा

"काळा हाय ह्यो."

"हिरवा आहे, आत्या. बाटलीवरचा नंबर बघ. पुस्तकातला नंबर हाच."

"नंबर घाल चुलीत. माझे डोळे फुटलेत काय?"

रंग लावून बघितलेलं झाकण हौसाआत्याने मिथुनच्या हातात आपटलं. पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात भरदुपारी दोघंच होती. मालक पुंडलिकशेट जेवायला गेलेले. टेबलावर रंगाची वाट बघत बसलेल्या गणपतींच्या रांगेत मिथुनचा रणगाडा उभा होता. दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टी-चौतीस. प्लास्टिकचा, वीतभर. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून रोज थोडा थोडा, तीन महिने जोडलेला. रविवारी पुण्यात अशा मॉडेलांची स्पर्धा आणि परदेशी रंगाची बाटली एकच, तीही अर्धी.

"गेल्या वर्षी परीक्षक सगळ्यांसमोर बोलला, रणगाडा आणलायस का पोपट? हॉलभर हसले लोक. ह्या वर्षी एकाला बोलायला जागा ठेवायची नाय मला."

"खरा केवढा असतो?"

"डंपरएवढा."

"आन् डंपरचा रंग वीतभर खेळण्याला लावतोस? येडा की खुळा? पाच फुटी गणपतीचा पिवळा ह्या बारक्याला लावला तर पीतांबर मळका दिसतो. लहान मूर्तीला रंग उजळून घ्यायचा. तीस वर्सं तेच करतेय मी."

मिथुन झाकणाकडे बघतच राहिला. तीन महिने पुस्तकं चाळली, मोबाइलवर अनोळखी माणसांशी भांडला, आणि उत्तर इथे, चार स्टेशनांवर, आत्याच्या वाटीत पडलेलं!

त्याने बाटली उघडली. मग थांबला.

"बिघडला तर?"

"मग ने तसाच काळा. तव्यासारका."

त्याने सगळी बाटली वाटीत उपडी केली.

आत्याने पांढऱ्याचे थेंब सोडले. मोजले नाहीत. पिवळा काडीच्या टोकावर घेतला, ढवळला, अंगठ्याच्या नखावर लावला आणि दारात उन्हात जाऊन उभी राहिली. परत आली, अजून एक थेंब टाकला. पुन्हा दारात. मिथुन तिच्या मागे आत-बाहेर, आत-बाहेर.

"धर फवाऱ्याची गन."

"तू मार."

"शेट बायामान्सांच्या हातात गन देत नाय."

"शेट जेवतोय."

आत्या हसली. कॉम्प्रेसर सुरू झाला. फवारा रणगाड्यावरून गेला, पुढून मागे, मागून पुढे.

"तिकडं खरा रणगाडा रंगवायचं कोन?"

"कारखान्यातल्या बायका. बाप्ये लढायला गेलेले."

"आन् बोर्डावर नाव कोनाचं?"

"कारखान्याचं."

"हां," आत्या म्हणाली, आणि फवारा जरा जोरात मारला.

रंग वाळला. "आता पाच पावलं मागं जा," ती म्हणाली. मिथुन मागे सरकत सरकत रस्त्यावर गेला. तिथून बघितलं आणि ओरडलाच. गणपतींच्या रांगेत डंपरएवढा रणगाडा उभा होता! चिखलातून, धुरातून, थेट लढाईवरून आलेला.

"आत्या! आईशपथ, हाच! हाच तो!"

"बोंबलू नको. शेट येईल."

त्याने खिशातून स्पर्धेचा फॉर्म काढला आणि टेबलावरच पसरला. एक रकाना त्याने कोरा ठेवला होता: रंगाची कंपनी व नंबर. बाटलीकडे बघितलं. ती आता रिकामी होती, आणि तिच्यावरचा नंबर खोटा झाला होता.

त्याने लिहिलं: हौसा, पेण.

"काय लिवलंस?"

त्याने वाचून दाखवलं. आत्याने नखावरचा हिरवा पदराला पुसला. मग दारावरच्या बोर्डाकडे बघितलं. 'पुंडलिकशेट कला केंद्र', आणि खाली 'खानदानी हात, खानदानी रंग'. गल्लीच्या टोकाला शेटची स्कूटर वाजली.

"खोड," आत्या म्हणाली.

"का?"

"मोठं लिव. शेटला चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."