अमेरिकेचा नऊ

"अहो आई, इथं चुकलंय."

सुनेचं बोट अमेरिकेच्या रकान्यावर थांबलं होतं. "तुम्हीच शिकवलंत ना, अमेरिकेचा नऊ म्हणजे आपला आठ? तुम्ही दहा लिहिलंय. आणि जपानच्या सत्तावीसपुढे सात? तिथंही आठच हवा."

सासूबाई स्टुलावरून उतरल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून भिंतीवरच्या बुटांच्या मापांच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई! डोळ्यांनी दगा दिला. राहू दे, नंतर कागद चिकटवते."

"आजच चिकटवा. उद्या जहाजावर जायचंय."

बंदरात लागलेल्या मालवाहू जहाजाच्या अधिकाऱ्याने बाजारातल्या दोन्ही बुटांच्या दुकानांत एकच चिठ्ठी दिली होती. चार खलाशी, चार देशांचे. प्रत्येकाने आपापल्या देशाचा नंबर लिहिलेला. अमेरिकन नऊ, इंग्रज आठ, जर्मन बेचाळीस, जपानी सत्तावीस. ज्याचे चारही जोड पायात बसतील, त्याला कंपनीच्या सगळ्या जहाजांना बूट पुरवायचं काम मिळणार होतं. एवढ्याशा बाजारात दोन दुकानं चालत नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. हे काम हातचं गेलं तर सासूबाईंच्या दुकानाला टाळं लागणार होतं.

समोरच्या दुकानदाराला सगळा बाजार 'सावली' म्हणायचा. सासूबाईंनी काचेत लाल बूट मांडले की तासाभरात तिकडेही लाल बूट. इकडची पाटी निळी झाली की तिकडची निळी. एकदा सासूबाईंची दाढ ठणकली म्हणून दुकान उघडलं नाही, तर सावलीनेही उघडलं नाही. म्हणे, म्हातारीला काहीतरी आधीच कळलं असणार!

परदेशी नंबर मात्र त्याला जमत नव्हते. ते बाजारात एकट्या सासूबाईंना येत. तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांचे बूट हातात घेऊन, बोटांनी मापून त्यांनी ते डोक्यात साठवले होते. अक्षरं शिकल्या त्या साठीनंतर, सुनेकडून, बुटांच्या रिकाम्या खोक्यांवर गिरवून. हा तक्ता म्हणजे त्यांचं पहिलं मोठं लिखाण. दोन दिवस खपून लिहिलेला. म्हणून तर सुनेचा जीव टांगणीला लागला होता. चूक सासूबाईंची, पण मास्तरीण ती!

"आणि तो आतल्या भिंतीवर लावा ना," ती म्हणाली. "रस्त्यावरून दिसतोय."

"तिथंच उजेड बरा आहे गं."

दुपारी सावलीचा नोकर नाड्या घ्यायला आला. सावलीच्या स्वतःच्या दुकानात नाड्यांची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. एका हातात नाडी, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि डोळे भिंतीवर.

"बैस की," सासूबाई म्हणाल्या. "घाई कसली? हे घे स्टूल."

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. तो रस्ता ओलांडून जाताच ती उसळली. "सगळा तक्ता टिपून नेला त्यानं! आणि तुम्ही त्याला बसायला स्टूल देता?"

"त्याला वाचता तरी आलं ना? मला वाटलं होतं, कोंबडीचे पाय उमटलेत नुसते."

"आई, थट्टा पुरे. डिंक कुठाय?"

"डिंक वाळला. तू ती वरची खोकी पूस बघू."

चूक तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीचे जोड सासूबाईंनी स्वतः काढले आणि कापडात गुंडाळले. सुनेला हात लावू दिला नाही.

सकाळी डेकवर पहिला मान सावलीने घेतला. चार जोड, चकचकीत. इंग्रजाला बसले. जर्मनालाही बसले.

मग अमेरिकन उठला. तीन पावलं नीट चालला. चौथ्या पावलाला पाय पुढे गेला आणि बूट मागेच राहिला. खलाशी हसून लोटपोट झाले. जपानी बिचारा टाच आत घालायला घामाघूम झाला आणि शेवटी मुकाट्याने बूट परत देऊन मोकळा झाला.

"आता तुम्ही, आजी," अधिकारी म्हणाला.

सासूबाईंनी गाठोडं सोडलं. चार खोकी. चारही खोक्यांवर एकच आकडा, आठ.

"चारी एकाच नंबरचे!" सावली ओरडला. "अहो, म्हातारीला तेवढा एकच आकडा लिहिता येतो!"

सुनेचे कान तापले. अधिकाऱ्याने भुवया वर केल्या.

"साहेब," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "देश चार आहेत. माप एकच आहे."

चौघांनी बूट चढवले. डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. लोखंडी जिना धडधडत चढले आणि उतरले. अमेरिकनाने तर जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या. अधिकाऱ्याने टोपी काढली आणि सासूबाईंचा हात हातात घेतला.

"पण तक्त्यावर तर..." सावलीच्या तोंडून निसटलं.

"कुठल्या तक्त्यावर?" अधिकाऱ्याने विचारलं.

सावलीला एकदम स्वतःच्या बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

परतताना भाजीवाला, न्हावी, घड्याळवाला, सगळे आपापल्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. सून पुढे आणि सासूबाई मागे, अशी वरात दुकानात शिरली.

सुनेने आल्या आल्या शेजारून डिंक मागून आणला. दोन चिठ्ठ्यांवर सुरेख अक्षरात 'आठ', 'आठ' लिहिलं आणि ती स्टुलावर चढली.

"आयत्या वेळी तुमच्या ध्यानात आलं म्हणून वाचलो, आई. आता तरी चूक झाकू दे मला."

सासूबाई खुर्चीत टेकल्या. बूट काढून त्यांनी पाय मोकळे केले आणि समोरच्या दुकानाकडे बघून हसल्या.

"काही चिकटवू नकोस, पोरी. खाली काढ तो तक्ता आणि समोर नेऊन दे. त्यांच्यासाठीच लिहिला होता."