पातळ माल

बेकरीच्या धुराड्याच्या विटांमधला चुना झडला होता. त्या दरजा भरायला यल्लाप्पा गवंडी परांचीवर चढला. वर्षापूर्वी परांचीवरून पडल्यानंतर तो पहिल्यांदाच एवढ्या उंच जात होता. निम्म्यावर पोचताच त्याने बांबूला घट्ट मिठी मारली.

खाली चुना-वाळूचा माल कालवणाऱ्या त्याच्या बायकोने, नागव्वाने, त्याची भीती ओळखली. "अवो, खाली या! माझ्याकडनं माल पातळ झालाय," ती ओरडली.

तो कसाबसा उतरला, तोवर बेकरीवाले लतीफशेठ तिच्यावर बरसत होते. "साधा माल जमत नाही, तर येतेस कशाला?" पाव न्यायला आलेली गिऱ्हाइकं हसली. नागव्वा खाली मान घालून माल कालवत राहिली. घमेल्यातला माल चांगला घट्ट होता, हे यल्लाप्पाला दिसत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेठ," अखेर तो म्हणाला, "माल बेस हाय. मलाच वर जायला भ्या वाटलं."

नागव्वाने पदर खोचला, त्याच्या हातातली थापी घेतली आणि ती वर चढली. "माल द्या!" तिची हाक आली. यल्लाप्पाने घमेलं भरून दोराला बांधलं. मान वर करून तिच्याकडे बघणं मात्र त्याला जमेना.